सांबऱ्याहून विमानाने: अंतर किती, वेळ किती, आणि तो हिशेब स्वतः कसा मांडायचा

बेळगाव ते बंगळूर विमानाने किती अंतर, असे इंटरनेटवर विचारले की ४४५ किलोमीटर आणि वेळ साधारण एक तास असे उत्तर मिळते. अंतर बरोबर असते. तो एक तास मात्र जेट विमान गृहीत धरून काढलेला असतो. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, निघणारे विमान पंख्यांचे एटीआर असेल, तर त्याच अंतराला सव्वा तास लागतो. घरून निघून बंगळुरात मॅजेस्टिकला, म्हणजे शहराच्या मुख्य बसस्थानकाच्या भागात, पोचेपर्यंतचा वेळ धरला, तर तो पाच तासांच्या पुढे जातो. मुलाखत, परीक्षा, दवाखान्याची वेळ किंवा पुढचे विमान यांची आखणी त्या एका तासावर केली की फसगत होते. म्हणून आधी अंतर, मग उड्डाणाची वेळ आणि शेवटी दारापासून दारापर्यंतचा वेळ, अशा क्रमाने हिशेब करावा.

आधी विमानतळ नक्की करा

हिशेब चुकण्याची सुरुवात बहुधा नावातूनच होते. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटकातील शहरांची नावे अधिकृतपणे बदलली. तिकिटाच्या साईटवर कुठे ‘बेळगाव’ असते, कुठे ‘बेळगावी’; तसेच हुबळी आणि हुब्बळ्ळी. म्हणून नावापेक्षा तीन अक्षरी कोडवर विश्वास ठेवा. सांबऱ्याचा कोड आयएक्सजी, हुबळीचा एचबीएक्स, कोल्हापूरचा केएलएच, पुण्याचा पीएनक्यू आणि बंगळूरचा बीएलआर.

गोव्यात दोन विमानतळ आहेत, आणि आपल्या भागातल्या लोकांची सर्वांत महाग चूक इथेच होते. दाबोळीचा कोड जीओआय, तर जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या मोप्याचा जीओएक्स. पेडणे तालुक्यातला मोपा उत्तरेच्या टोकाला आणि वास्कोजवळची दाबोळी दक्षिणेला. चुकीच्या विमानतळावर पोचलात तर मधला रस्ता पार करून विमान गाठणे जवळपास अशक्य असते. मुंबईतही आता तीच काळजी घ्यावी लागते. बीओएम म्हणजे जुना विमानतळ आणि एनएमआय म्हणजे उलव्याचा नवी मुंबई विमानतळ, ज्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. बीओएममध्येही सांताक्रूझचे टर्मिनल १ आणि सहारचे टर्मिनल २ वेगळे आहेत आणि त्यांच्यात बाहेरच्या रस्त्याने जावे लागते.

अंतर काढणे: कागद, पेन्सिल आणि कॅल्क्युलेटर

विमानाचे अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमध्ये ताणलेल्या दोऱ्याची लांबी. ते काढायला प्रत्येक विमानतळाचे अक्षांश आणि रेखांश हवेत. मोबाइलच्या नकाशात धावपट्टीच्या मध्यावर बोट दाबून धरले की ते मिळतात. शहराच्या नावावर बोट ठेवू नका. सांबरा बेळगाव शहरापासून दहा किलोमीटर पूर्वेला आहे आणि बंगळूरचा विमानतळ तर थेट देवनहळ्ळीला आहे. काही साईट शहराच्या मध्यापासून मोजतात, त्यामुळे दोन साईटवर दोन आकडे दिसतात.

एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचे सोपे होते. अक्षांशाचा एक मिनिट (अंशाचा साठावा भाग) म्हणजे एक सागरी मैल, आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. वैमानिकांचे नकाशे याच मापावर चालतात. बंगळूरचे उदाहरण घेऊ.

सांबरा: उत्तर १५ अंश ५१.५ मिनिटे, पूर्व ७४ अंश ३७.१ मिनिटे.
बंगळूर: उत्तर १३ अंश ११.९ मिनिटे, पूर्व ७७ अंश ४२.४ मिनिटे.

अक्षांशांतला फरक २ अंश ३९.६ मिनिटे, म्हणजे १५९.६ मिनिटे. रेखांशांतला फरक ३ अंश ५.३ मिनिटे, म्हणजे १८५.३ मिनिटे. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींजवळ येतात, त्यामुळे रेखांशाचा आकडा तसाच वापरता येत नाही. त्याला दोन्ही अक्षांशांच्या सरासरीच्या ‘कॉस’ने (कॅल्क्युलेटरवरचे cos बटन) गुणावे लागते. सरासरी अक्षांश १४.५३ अंश, त्याचा कॉस ०.९६८. म्हणून १८५.३ गुणिले ०.९६८ बरोबर १७९.४. आता पायथागोरसचे शाळेतले सूत्र: १५९.६ चा वर्ग अधिक १७९.४ चा वर्ग, आणि त्याचे वर्गमूळ. उत्तर २४० सागरी मैल. १.८५२ ने गुणले की ४४५ किलोमीटर.

याच रीतीने सांबरा ते मुंबई (बीओएम) सुमारे ४०४ किलोमीटर, हैदराबाद ४३४ आणि दिल्ली सुमारे १,४३५ किलोमीटर येते.

चुका होतात त्या ठरलेल्या जागी. १५ अंश ५१ मिनिटे म्हणजे १५.५१ नव्हे, मिनिटांना ६० ने भागावे लागते, म्हणून ते १५.८५ होते. एवढ्या एका चुकीने ३८ किलोमीटरचा फरक पडतो. दुसरी चूक कॅल्क्युलेटर ‘रेडियन’वर राहण्याची. १४.५३ चा कॉस उणे आला किंवा ०.९ च्या आसपास आला नाही, तर ‘डिग्री’चे बटन दाबा. संगणकावरच्या तक्त्यांत कोन रेडियनमध्येच द्यावा लागतो, म्हणून तिथे अंशांना आधी π (पाय, ३.१४१६) भागिले १८० ने गुणावे. तिसरी चूक मैलांची. हेच अंतर साध्या मैलांत २७७ आणि सागरी मैलांत २४० भरते. साईटवर नुसते ‘मैल’ लिहिले असेल तर कोणते ते पाहा.

ही सोपी रीत देशातल्या देशात चालते. आखातापर्यंतही दहापंधरा किलोमीटरहून जास्त चुकत नाही. युरोपला मात्र ती टिकत नाही. मुंबई ते लंडन या रीतीने सुमारे ७,५७० किलोमीटर येते आणि खरे अंतर सुमारे ७,२१० आहे. कारण लांबच्या प्रवासात सर्वांत जवळची वाट उत्तरेकडे वळलेली असते आणि सपाट कागदाच्या त्रिकोणात ती बसत नाही. तिथे गोलाचे सूत्र वापरा: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा, दोन्ही अक्षांशांचे कॉस आणि रेखांशांतल्या फरकाचा कॉस या तिघांचा गुणाकार करा, दोन्ही उत्तरांची बेरीज करून तिचा उलटा कॉस काढा. जे अंश येतील त्यांना १११.२ ने गुणले की किलोमीटर.

मोपा (१५.७४४, ७३.८६१) ते दुबई (२५.२५३, ५५.३६४) करून पाहा. पहिला गुणाकार ०.११५८, दुसरा ०.८२५५, बेरीज ०.९४१३, उलटा कॉस १९.७३ अंश. अंतर २,१९४ किलोमीटर.

रस्त्याच्या अंतराशी तुलना करायची तर पुणे-बंगळूर हमरस्त्याच्या दिशेला विमानाच्या अंतराला १.१५ ते १.२ ने गुणले की रस्त्याचा अंदाज येतो. घाटाकडे हे प्रमाण मोडते. सांबरा ते मोपा सरळ रेषेत ८२ किलोमीटर आहे, पण आंबोली किंवा चोर्ल्याच्या वळणांतून बेळगावहून शंभराहून जास्त किलोमीटर होतात.

अंतरावरून उड्डाणाची वेळ

तिकिटावरची वेळ म्हणजे विमान हवेत असण्याची वेळ नव्हे. विमान जागेवरून हलल्यापासून उतरून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा तो काळ असतो. त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरण्यासाठी रांगेत येणे आणि उतरल्यावर थांब्यापर्यंत चालणे हे सगळे येते. हा भाग अंतर कमी असो वा जास्त, जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणूनच अंतर दुप्पट झाले तरी वेळ दुप्पट होत नाही.

कोणते विमान आहे ते तिकिटावर किंवा बुकिंगच्या तपशिलात दिलेले असते. एटीआर ७२ (तिकिटावर एटी७) ताशी सुमारे ५०० किलोमीटरने जाते. चढ-उताराची मंद चाल धरून त्याला मिनिटाला ८ किलोमीटर हा हिशेब ठेवा आणि वर २० मिनिटे टाका. एअरबस ३२० किंवा एम्ब्रेअरसारख्या जेटला मिनिटाला १३ किलोमीटर आणि वर ३० मिनिटे. जेटला वरची मिनिटे जास्त, कारण ते जास्त उंच चढते आणि वेगाचा फायदा सुरू होईपर्यंत छोटा प्रवास संपत आलेला असतो.

बंगळूरसाठी, एटीआर: ४४५ भागिले ८ म्हणजे ५६, अधिक २० म्हणजे ७६ मिनिटे. जेट: ३४ अधिक ३०, म्हणजे ६४ मिनिटे. फरक फक्त १२ मिनिटांचा. तेवढ्यासाठी जेटचे महाग तिकीट घेण्यात अर्थ नाही. सुटण्याची वेळ सोयीची कोणाची आहे ते पाहा. दिल्लीला मात्र जेटने ११० अधिक ३०, म्हणजे दोन तास वीस मिनिटे. दिल्लीवर गर्दी असते म्हणून अडीच तास धरा.

सांबऱ्याचा स्वतःचा एक मुद्दा आहे. इथली धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे (तिच्या दोन टोकांचे क्रमांक ०८ आणि २६). विमान शक्यतो वाऱ्याच्या समोर तोंड करून सुटते. पावसाळ्यात वारा नैऋत्य-पश्चिमेचा असतो, त्यामुळे विमान गावाच्या दिशेने, पश्चिमेकडे उडते आणि मग आग्नेयेला बंगळूरकडे वळते. हिवाळ्यात पूर्वेचा वारा असला की पूर्वेकडे सुटून लगेच उजवीकडे वळता येते. यात दोनचार मिनिटांचाच फरक पडतो, पण आज विमान उलटीकडे का चालले, याचे उत्तर हेच.

सरळ रेषेत कुठलेच विमान जात नाही. हवाई मार्ग ठरलेले असतात आणि लष्करी हवाई हद्दींभोवतीची बंधने पाळावी लागतात. दाबोळी नौदलाचा तळ आहे, पुण्याचे लोहगाव हवाई दलाचे आहे, आणि खुद्द सांबऱ्यालाही हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. जवळच्या प्रवासात त्यामुळे अंतर पाचदहा टक्के वाढते. वरच्या मिनिटांच्या हिशेबात ही वाढ सामावलेली आहे, वेगळी धरू नका. मोठा वळसा पडतो तो देशांच्या सीमांमुळे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून लांबून जावे लागले. विमानतळ तेच, नकाशावरचे अंतर तेच, वेळ मात्र वाढली.

वाऱ्याचा परिणाम लांबच्या प्रवासात दिसतो. हिवाळ्यात उत्तर भारतावरून उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. त्यामुळे लंडनहून येताना वेळ कमी लागतो आणि जाताना जास्त. बंगळूर किंवा मुंबईच्या तासाभराच्या प्रवासात याची चिंता करू नका.

पावसाळ्याची मात्र करा. एटीआर जेटपेक्षा कमी उंचीवरून जाते, त्यामुळे गडगडाटी ढगांना वळसे घालावे लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये बेळगावात झिमझिम आणि खाली उतरलेले ढग दिवसचे दिवस राहतात. धावपट्टी दिसत नसेल तर विमान घिरट्या घालते किंवा दुसरीकडे उतरते. या दोन महिन्यांत सांबऱ्याला उतरून त्याच दिवशी लग्न, कोर्टाची तारीख किंवा ऑपरेशन असेल, तर आदल्या दिवशीचे तिकीट काढा.

घड्याळातला फरक

आपल्या भागातली बरीच कुटुंबे आखाताशी बांधलेली आहेत, म्हणून हे नीट समजून घ्यावे. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या ठिकाणच्या असतात. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. मोप्याहून सकाळी १० ला निघालेल्या विमानाला २,१९४ भागिले १३ म्हणजे १६९, अधिक ३०, असे सुमारे तीन तास वीस मिनिटे लागतील. आपल्या घड्याळात तेव्हा दुपारचे १.२० होतील, तिथे ११.५० वाजलेले असतील. तिकिटावर १० ते ११.५० वाचून ‘पावणेदोन-दोन तासांचा तर प्रवास’ असे वाटते, ते यामुळे. परतताना उलटे होते. तिथून रात्री १० ला सुटलेले विमान तीन तासांनी इथे पहाटे २.३० ला उतरते, आणि तारीख पुढची असते. घ्यायला येणाऱ्याला तारीख सांगताना घोळ होतो तो इथेच. ‘बुधवारी रात्री’ असे सांगू नका, ‘गुरुवारी पहाटे अडीच’ असे सांगा.

कोणत्या विमानतळावरून निघायचे

सीमाभागातल्या माणसाला सांबरा, हुबळी, कोल्हापूर, मोपा आणि दाबोळी असे पाच पर्याय आहेत, आणि गाव बदलले की उत्तर बदलते. निपाणीहून कोल्हापूरचे उजळाईवाडी सुमारे ४० किलोमीटर, तर सांबरा त्याच्या दुप्पट. चिकोडी-संकेश्वरकडच्यांनी दोन्ही तपासावेत. खानापूर-लोंढ्याकडून सांबरा आणि हुबळी दोन्ही आवाक्यात आहेत. कारवारला दाबोळी हाच सरळ पर्याय.

जवळचा विमानतळ नेहमी बरोबर असतोच असे नाही. दुबईचेच पाहा. सांबऱ्याहून बंगळूरमार्गे गेलात तर ४४५ अधिक २,६९५, असे ३,१४० किलोमीटर उडावे लागते, कारण आधी उलट्या दिशेला जायचे. मोप्याहून थेट विमान असेल तर २,१९४. साडेनऊशे किलोमीटर वाचतात, वर बंगळुरातले थांबणेही. त्यासाठी घाटातून तीन तासांचा गाडीप्रवास परवडतो. पावसाळ्यात मात्र चोर्ला आणि आंबोलीत दरड, धुके आणि अडकलेले ट्रक यांसाठी आणखी दीड-दोन तास ठेवा, आणि मध्यरात्री घाट उतरण्यापेक्षा उजेडात उतरून तिकडेच थांबा.

सेवा कायम राहील असेही धरू नका. केंद्राच्या ‘उडान’ या प्रादेशिक विमानसेवा योजनेतल्या मार्गांना मिळणारे अनुदान साधारण तीन वर्षांचे असते. ते संपल्यावर काही मार्ग बंद होतात, काहींचे वार बदलतात. मागच्या वर्षी मंगळवारी असलेले विमान यंदा असेलच असे नाही.

दारापासून दारापर्यंत

आता खरा आकडा. बेळगावातल्या शहापूरहून बंगळूरला १० च्या विमानाने जायचे आहे असे धरा. गावातून सांबरा दहा-अकरा किलोमीटर. बागलकोट रस्त्याने मुतगा, निलजीवरून जाताना एरवी अर्धा तास लागतो, आणि उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर पुढे आले तर पाऊण तास. देशांतर्गत विमानाला सामानाची खिडकी बहुतेक कंपन्या सुटण्याआधी ६० मिनिटांनी बंद करतात आणि गेट २५ मिनिटांनी. म्हणजे ९ ही शेवटची मर्यादा आहे, पोचायची वेळ नव्हे. ८ ला घर सोडा, साडेआठला पोचा. ११.१५ ला बंगळूर. बॅग हातात यायला वीस मिनिटे. मग ‘वायुवज्र’ बसची वाट आणि पस्तीसेक किलोमीटरचा रस्ता, म्हणजे मॅजेस्टिकला सव्वाएक. एकूण सव्वापाच तास.

बेळगावहून बंगळूरला ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारत सुरू झाली, तिला सुमारे साडेआठ तास लागतात आणि ती स्टेशनावर म्हणजे गावातच सोडते. काम मॅजेस्टिकच्या आसपास असेल तर विमानाने साधारण तीन तास वाचतात. काम येलहंका किंवा देवनहळ्ळीकडे असेल तर त्याहून जास्त. काम मैसूर रस्त्याच्या बाजूला असेल, तर संध्याकाळच्या गर्दीत ही बचत बरीचशी विरघळते आणि रात्रीच्या गाडीने झोपून जाणे बरे.

पुढे दुसरे विमान असेल तर दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर आहेत का ते सर्वांत आधी पाहा. एकाच तिकिटावर असतील तर पहिले विमान उशिरा आल्यास पुढची सोय करणे कंपनीकडे येते, आणि सामान बहुधा शेवटपर्यंत जाते. वेगवेगळी तिकिटे असतील तर बॅग घ्या, बाहेर या, गरज पडल्यास दुसऱ्या टर्मिनलला जा, पुन्हा बॅग द्या, पुन्हा तपासणी करा. यासाठी देशात किमान तीन तास आणि परदेशी विमानाला पाच तास ठेवा. सांबऱ्याहून एखाद्या मार्गावर दिवसाला एखाद-दुसरेच विमान असते. ते रद्द झाले तर पुढचे लगेच नसते. व्हिसाची मुदत किंवा नोकरीवर हजर होण्याची तारीख जवळ असेल, तर स्वस्त मिळाली म्हणून दोन सुटी तिकिटे जोडू नका.

निघण्याच्या आदल्या रात्री एवढे करा: तिकिटावरचा कोड, टर्मिनल आणि तारीख मोठ्याने वाचा, कंपनीच्या ॲपवर विमानाची वेळ बदललेली नाही ना ते पाहा, आणि त्याच विमानाच्या गेल्या काही दिवसांतल्या प्रत्यक्ष वेळा विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर बघा. आठवड्यातून चार दिवस ते अर्धा तास उशिरा येत असेल, तर पुढच्या सगळ्या हिशेबात तो अर्धा तास आत्ताच टाका.